परभणीत पाहण्यासारखे काय आहे?

परगावचा पाहुणा रात्रीच्या गाडीने येतो, सकाळी अंगणात खुर्ची टाकून चहा घेतो आणि हा प्रश्न विचारतो. आम्ही परभणीकर दर वेळी थोडे गोंधळतो. नांदेडकराला असा गोंधळ ठाऊक नाही. तो गुरुद्वाऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होतो. छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला तर काय दाखवायचे राहिले तरी चालेल याचीच निवड करावी लागते. आमच्या शहराला नदी नाही, म्हणून घाट नाही. डोंगर नाही, म्हणून लेणे नाही. मग आम्ही पाहुण्याला सांगतो, चारठाण्याची जुनी देवळे पाहा, जिंतूरजवळची नेमगिरी पाहा, गंगाखेडला जनाबाईंचे स्थान आहे तेथे जाऊन या, औंढ्या नागनाथाचे दर्शन घ्या. म्हणजे परभणीत पाहण्यासारखे काय या प्रश्नाला आमचे उत्तर, परभणीबाहेर जा, असे असते! त्यातही औंढा आणि नामदेवांची नरसी ही दोन्ही स्थाने १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा कागदोपत्री आमच्या हातून गेली आहेत.

या गोंधळाच्या मुळाशी दोन म्हणी आहेत आणि त्या आपणा सर्वांना पाठ आहेत. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही एक. दुसरी, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’. पहिलीने गाव हिणवायचे आणि दुसरीने मिशीला पीळ द्यायचा, असा आमचा परिपाठ. दोन्हींच्या जन्मकथा अनेक सांगितल्या जातात. त्यांच्या वादात आम्ही शिरत नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात घेण्याजोगी वाटते. पहिली म्हण हिंदुस्थानीत आहे आणि दुसरी मराठीत. पहिली बाहेरून येथे पाठविल्या गेलेल्या माणसाच्या तोंडची दिसते, दुसरी येथेच जन्मून येथेच राहिलेल्याच्या. येणारा आणि राहणारा या दोघांची ही तक्रार-फिर्याद शे-दीडशे वर्षे चालू आहे, आणि आमच्या मते परभणीचा इतिहास याच फिर्यादीच्या कागदांत दडला आहे.

परभणी हे नाव प्रभावती देवीवरून, प्रभावतीनगरी या जुन्या नावातून आले, अशी परंपरा आहे. पण राजकीय इतिहासात या टापूचे मोठे गाव परभणी नव्हते, पाथरी होते. अकबराच्या काळच्या कारभारात वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे पाथरीला होते. पुढे निजामाचे राज्य आले. पहिल्या सालारजंगांनी १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी केली आणि त्या नव्या घडीतून परभणी जिल्ह्याचे ठाणे बनली. पाथरी तालुक्याचे गाव होऊन राहिली. ठाणे म्हटले की अव्वल तालुकदार आला. तालुकदार म्हणजे आजचा जिल्हाधिकारी. त्याच्यामागून कचेरी, खजिना, तुरुंग, अदालत, पेशकार, गिरदावर, चपराशी, आणि या सर्वांना लागणारा पानवाला आणि शिंपी आला. परभणी वाढली ती अशी, बदलीवर आलेल्या माणसांच्या गरजांभोवती.

त्या काळच्या रोजच्या जीवनाची कल्पना आज करणे अवघड आहे. शेतकरी मराठी बोले, पण त्याचा अर्ज उर्दूत लिहावा लागे. अर्जावरची तारीख फसली सनाची असे. त्या सनात ५९० किंवा महिना पाहून ५९१ मिळवले म्हणजे इसवी सन निघे. हातातला रुपया हाली शिक्क्याचा. मनमाड ओलांडून इंग्रजी मुलुखात गेले की तो चालत नसे, कलदार घ्यावा लागे आणि सात हालींना सहा कलदार मिळत. एका मामुली मुलगी-पाहणीसाठी नाशिकला जावयाचे तर भाषा, सन आणि नाणे अशा तीन सरहद्दी ओलांडाव्या लागत. हे सारे फार जुने झाले असे कोणी समजू नये. २०२३ साली मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्याचे काम मराठवाड्यात निघाले तेव्हा निजामी अमदानीची दप्तरे उघडली गेली आणि उर्दू व मोडी वाचणाऱ्या माणसांचा शोध सुरू झाला. ज्या लिपींना आपण निरोप देऊन बसलो होतो त्यांच्याच दारात पुन्हा उभे राहावे लागले. आजोबांना उर्दू येत होते हे ज्या घरांत कमीपणाने सांगितले जाई, त्या घरांत त्या वर्षी ते अभिमानाने सांगितले गेले असेल!

१९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरगेज लोहमार्ग मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत तयार झाला आणि परभणीला स्टेशन मिळाले. पुढे परळीकडचा फाटा निघाला आणि स्टेशनाचे जंक्शन झाले. रेल्वेमुळे काय झाले? सेलू, मानवत, परभणी, पूर्णा या पट्ट्यात सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. या काळ्या जमिनीतला गावरानी कापूस देशी असूनही धाग्याला लांब म्हणून नावाजलेला होता. तो येथून गाठींनी मुंबईला जाऊ लागला. मोंढा हा शब्द मराठवाड्याबाहेरच्या पाहुण्याला समजावून सांगावा लागतो, पण आमच्या शहराचे खरे घड्याळ पूर्वी मोंढ्यातच होते. दिवाळीनंतर मोंढा भरला की कापडदुकान भरे, लग्ने ठरत, उधाऱ्या फिटत. मोंढा ओस पडला की गाव मुके होई.

मनमाडचे नाव निघाले आहे तर एक आठवण सांगावीशी वाटते, कारण ती आपल्यातील पुष्कळांची असेल. लोहमार्ग रुंद झाला तो १९९० च्या दशकात. तोवर मुंबईला जाणाऱ्या प्रत्येक परभणीकराने मनमाडला गाडी बदललेली आहे. रात्रीची वेळ, डोक्यावर वळकटी, कडेवर मूल, हातात भाकरीचे फडके, आणि पलीकडच्या फलाटावर मोठ्या रुळांवरची मोठी गाडी. लहान रुळांवरून आपण आलो आहोत ही गोष्ट तेथे न बोलता कळत असे. आमच्या पिढीच्या स्वभावात जो एक बुजरेपणा आहे, त्यातला बराचसा मनमाडच्या पुलावर जमा झालेला आहे.

बदलीच्या या गावाने एक मोठा लेखक पाहिला, आणि तो कारकून होता. भगवान रघुनाथ कुलकर्णी, म्हणजेच बी. रघुनाथ, यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१३ रोजी सातोना येथे झाला. ते गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होते, आज जालना जिल्ह्यात आहे. त्यांचे शिक्षण हैदराबादेत झाले आणि नोकरी परभणीला, बांधकाम खात्यात. दिवसा उर्दू कचेरीत खर्डेघाशी आणि रात्री मराठीत कविता, कथा, कादंबऱ्या. ‘ओ’, ‘हिरवे गुलाब’, ‘बाबू दडके’, ‘आडगावचे चौधरी’ ही त्यांची पुस्तके आपल्या वाचनालयांत आहेत. निजामी राज्यातल्या सामान्य मराठी माणसाचे जिणे, त्याची लाचारी आणि त्याची स्वप्ने एवढ्या जवळून क्वचितच कोणी लिहिली असतील. पुण्या-मुंबईच्या वाङ्मयाच्या बाजारपेठेपासून ते दूर होते आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. ७ सप्टेंबर १९५३ रोजी, नुकतीच चाळिशी पूर्ण झालेली असताना, कचेरीत काम करता करताच ते गेले. आज त्यांच्या नावाचे सभागृह आपल्या शहरात आहे. पण पाहुण्याला काय दाखवावे हा विचार करताना, जेथे ‘बाबू दडके’ सुचला असेल त्या गल्ल्यांतून त्याला हिंडवावे असे आमच्यापैकी किती जणांना सुचते? नानलपेठ, कच्छी बाजार, गुजरी ही नावे आपण रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरती वापरतो.

बी. रघुनाथांनंतरही या मातीने लिहिणारे दिले. इंद्रजित भालेरावांची शेतकरी कविता याच शहरात राहून लिहिली गेली, आणि आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९९५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन परभणीला भरले, अध्यक्ष नारायण सुर्वे होते. गिरणगावचा कवी कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यात अध्यक्ष म्हणून यावा, यात एक औचित्य होते. कापसाची गाठ जेथून निघे तेथे ती विणणाऱ्यांचा कवी पोहोचला, इतकेच.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील लढा, रझाकारांचा जुलूम, भारतीय फौजेची कारवाई हा इतिहास या व्यासपीठावरून आपण अनेकदा ऐकला आहे. त्याच महिन्यांत मराठवाड्याच्या काही भागांत निरपराध मुसलमान कुटुंबांवर जी आपत्ती आली, तिचा उच्चार मात्र आपण कमी करतो. इतिहास सांगावयास बसल्यावर तेवढे पान उलटून पुढे जाणे बरे नव्हे. १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. कचेरीची भाषा मराठी झाली. तरी जीभ इतक्या लवकर बदलत नाही. आजही आमच्याकडे वकील तारखेवर जातो, जमिनीची मोजणी, फेरफार, तगादा, पुष्कळ शब्द फारसीच्या घरचे आणि सारे आमचे.

आता विद्येकडे वळू. राज्य हैदराबादचे होते तोवर परभणीच्या मुलाला वरच्या शिक्षणासाठी उस्मानिया विद्यापीठाचा रस्ता धरावा लागे. तेथे शिक्षणाचे माध्यम उर्दू. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघाले. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडचे विद्यापीठ स्थापन झाले आणि आमची महाविद्यालये तिकडे जोडली गेली. म्हणजे पदवीचा कागद नेहमी दुसऱ्या गावाहूनच यावयाचा! याला अपवाद एकच, आणि तो मोठा आहे.

१९५६ साली, हैदराबाद राज्य संपता संपता, त्या सरकारने परभणीला शेतकी महाविद्यालय काढले. मराठवाड्यातले शेतीचे ते पहिले विद्यालय. पुढे महाराष्ट्रात राहुरी आणि अकोला येथे कृषी विद्यापीठे निघाली, तेव्हा मराठवाड्याने आपल्या वाट्याचे मागितले. १८ मे १९७२ रोजी परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून ते वसंतराव नाईकांच्या नावाने ओळखले जाते. विद्यापीठ जन्मले ते वर्ष आठवा. ७२ चा दुष्काळ! ज्वारीच्या या मुलुखात लोक खडी फोडीत होते आणि अमेरिकेहून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी खात होते. ज्यांनी ती भाकरी खाल्ली ते अजून तिची चव सांगताना तोंड वाकडे करतात. जगातली उत्तम शाळू पिकविणाऱ्या जमिनीवर परदेशी जनावरांचे धान्य खाण्याची पाळी यावी, ही गोष्ट शेतीचे विद्यापीठ कशासाठी हवे याचे सर्वांत सोपे स्पष्टीकरण होते.

त्यानंतर काय घडले ते मोंढ्यात आणि भाजीबाजारात पाहावे. १९८० च्या दशकात येथून ‘परभणी क्रांती’ ही भेंडी निघाली. पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या केवडा रोगाने भेंडीची पाने पिवळी पडून मळे जात असत. रानभेंडीच्या जातीशी संकर करून या वाणात त्या रोगाला तोंड देण्याची ताकद आणली गेली, आणि आमच्या शहराचे नाव देशभरच्या मळ्यांत पोहोचले. ज्यांना परभणी नकाशावर दाखविता येणार नाही अशा शेतकऱ्यांनी परभणी पेरली आहे. विद्यापीठाच्या नांदेड केंद्राचा ‘नांदेड-४४’ हा संकरित कापूस आणि बदनापूर केंद्राची मर व वांझ रोगाला न जुमानणारी तूर ही आणखी दोन नावे. बियाण्याची पिशवी ही या शहराची खरी चित्रपत्रिका आहे असे आम्ही म्हटले तर विनोद समजू नये.

याहून आम्हाला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. विद्यापीठाने आपले दोन शेतकरी मेळावे कोणत्या दिवशी ठेवले पाहा. खरिपाचा मेळावा १८ मे रोजी, विद्यापीठाच्या वाढदिवशी. रब्बीचा १७ सप्टेंबरला, मुक्तिदिनी. एक तारीख मागणीने मिळविलेली, दुसरी लढ्याने, आणि दोन्ही आता पेरणीच्या पंचांगात जाऊन बसल्या आहेत. मे महिन्याच्या त्या सकाळी परभणीचे ऊन कसे असते ते आपणास सांगावयास नको. तरीही लातूर, बीड, हिंगोली, नांदेडहून शेतकरी बियाण्याच्या रांगेत उभे असतात. डोक्याला उपरणे, खिशात आधारपत्र, आणि तोंडी वाणांचे आकडे. दोन पिशव्यांसाठी एवढे लांब येणाऱ्या माणसाला हे गाव कोणाच्या शिक्षेचे ठिकाण वाटत नाही. तो येथे स्वतःच्या पायांनी आला आहे. परभणीला आपण होऊन येणारा माणूस! ‘बनी तो बनी’ रचणाऱ्याला याची कल्पना नसावी.

पण येथेच एक काटा सलतो. त्या रांगेत शेतकरी मागतो ते बहुधा सोयाबीन. ‘परभणी मोती’ ही विद्यापीठाची रब्बी ज्वारी नावाप्रमाणे टपोरी आणि मोत्यासारखी. २०१८ साली इक्रिसॅटच्या साहाय्याने ‘परभणी शक्ती’ आली; तिच्या दाण्यात लोह आणि जस्त अधिक आहे आणि अशा तऱ्हेची ती देशातली पहिली ज्वारी होय. इतके असून शहराबाहेर चारी दिशांना जा, पावसाळ्यात दिसते ते सोयाबीन आणि कापूस. याचा दोष शेतकऱ्याला देणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. सोयाबीन सुमारे शंभर दिवसांत निघते, यंत्राने मळता येते, लगेच पैसा होतो आणि रान रब्बीसाठी मोकळे होते. खरिपाची ज्वारी काढणीच्या पावसात काळी पडते, रब्बीची पाखरे खातात, आणि ती उपटण्याला वा कापण्याला माणसे मिळत नाहीत. कडब्यासाठी ज्वारी लावावी तर दावणीला बैल कोठे राहिले? परिणाम असा की भाकरी हे गरिबाचे अन्न होते ते काही वर्षी गव्हाच्या पोळीहून महाग पडले. आमच्या घरात आजी भाकरीशिवाय जेवत नसे. नातवंडे ती हॉटेलात पिठल्याबरोबर मागवितात आणि ताटाचे छायाचित्र घेतात. ज्या पिकाचे उत्तम वाण शहराच्या वेशीवर तयार होतात ते पीक शहराच्या परिसरातून हटत जावे, याचा विचार विद्यापीठाने करावयाचा तसा आपण नागरिकांनीही करावयास हवा. बाजारात मागणी आमचीच असते ना?

खरे सांगावयाचे तर शहर आणि विद्यापीठ यांची ओळख अजून वरवरचीच आहे. आपण सकाळी तिकडच्या झाडीत फिरावयास जातो. थंडीत तिथल्या वेधशाळेचा पारा किती उतरला हे वर्तमानपत्रात वाचतो, आणि शहरातल्यापेक्षा तिकडे दोन अंश कमी असल्याचा उगाच अभिमान धरतो. मुलगा पदवीला लागला तर ओळख निघते. पण आपल्या ताटातील तूर कोणत्या केंद्रात तयार झाली हे विचारले तर बहुतेक जण गप्प बसतील. आम्ही स्वतः हे व्याख्यान ठरेपर्यंत त्यांतच होतो.

पाण्याविषयी चार शब्द बोलल्याविना परभणीचे रोजचे जीवन पुरे होत नाही. नदी नसलेल्या गावाने आधी आडांवर आणि बारवांवर तहान भागविली, मग पूर्णेवरच्या राहटीहून पाणी आणले आणि अलीकडे येलदरीहून. मधल्या वर्षांत नळाला आठ-दहा दिवसांनी, कधी पंधरवड्याने पाणी येई. त्या दिवसाभोवती घरचे वेळापत्रक फिरे. बहिणीला माहेरी बोलवायचे तर आधी नळाची पाळी पाहावयाची! लग्नाच्या मुहूर्तापेक्षा टँकरचा मुहूर्त अवघड. २०११ च्या शिरगणतीत शहराची वस्ती ३,०७,१७० होती आणि त्याच वर्षी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. पदवी मोठी मिळाली, घागर तेवढीच राहिली, असे त्या काळी बायका म्हणत. आम्ही त्यांना खोटे ठरवू शकलो नाही.

तेव्हा पाहुण्याचा प्रश्न. आम्ही आता त्याला एवढेच कळवितो की उन्हाळ्यात येऊ नको, फेब्रुवारीच्या आरंभी ये. त्या सुमारास हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो. उरूस सामान्यतः हिजरी तिथीने फिरता असतो. आमचा मात्र वर्षानुवर्षे याच दिवसांत येतो. खरिपाचा पैसा हाती आलेला आणि रब्बी उभी, असा तो काळ. शेतकऱ्याच्या सवडीने उरुसाची वेळ बसली असावी असे आमचे मत आहे. संदल निघतो, फुलांच्या चादरी चढतात, आणि चादर घेऊन येणाऱ्यांत हिंदू किती व मुसलमान किती हे मोजण्याचा उद्योग आजवर कोणी केलेला नाही. खेड्यांतून आलेल्या बाया पातेली पारखून घेतात, टिचकी मारून आवाज ऐकतात. पोरे आकाशपाळण्याकडे ओढतात. हलवा-पराठ्याच्या कढईपुढे गर्दी असते. तो पराठा हाताने तोडून, उभ्याने खावयाचा असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाच्या तरी शेतावर जावे. शोधून अशाच शेतकऱ्याकडे जावे ज्याने बांधापासून बांधापर्यंत शाळू ठेवली आहे. आगटी पेटलेली असते, कणसे भाजून हातावर चोळतात, गरम हुरडा पडतो, बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. पाहुणा विचारतो, हे कोणते वाण? शेतकरी सांगतो, ‘मोती’. कोठले? तो उसाच्या कांडक्याने विद्यापीठाच्या दिशेला खूण करतो आणि दुसरे कणीस आगटीत घालतो.